दोर ओढणारीचं नाव वहीत हवं

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाचे हप्ते आणि वह्या यांबद्दल बोललो होतो. आज इतिहास सांगणार आहोत. लढाया आणि तहांचा हा इतिहास नाही, तर आपल्या किनाऱ्यावर समुद्र राखायचे जे प्रयत्न झाले त्यांचा आहे. कुठला प्रयत्न टिकला, कुठला फसला आणि त्यात बायका कुठे होत्या, एवढंच पाहायचं आहे.

सुरुवात रापणीपासून करू, कारण ती आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिली आहे. होडी पाण्यात अर्धगोल फिरून जाळं सोडते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि सगळे मिळून ते ओढतात. मासळी आली की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. राबला त्याला मिळालं, असा हा सरळ हिशेब. त्या वाळूत आपण बायकाही असतो. मासळी निवडतो, टोपल्या भरतो, डोक्यावरून बाजारात नेतो, उरलेली खारवून सुकवतो. पण वाट्याच्या वहीत नावं बहुतेक पुरुषांचीच असतात. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, पुढे सारखं लागणार आहे.

मालवण, १९८७

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीने निघालं की आपण अभयारण्यातून चाललो आहोत, हे कितीजणींना ठाऊक आहे? आमच्या गटांच्या बैठकीत विचारलं तेव्हा तीन-चार हात वर झाले.

१३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र, म्हणजे सगळ्यात कडक राखायचा. किल्ला, शेजारचा पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्यातले खडक या गाभ्यात येतात. कारणही चांगलं होतं. त्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ दिसतात दगडासारखे, पण ते जिवंत असतात. त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात आणि पिल्लं वाढतात. प्रवाळ मेले की मासळीचं पाळणाघरच मोडलं.

इथे दोन शब्द समजून घेऊ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य अशा दोन पायऱ्या आहेत. राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क जवळजवळ उरत नाहीत. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, पण ते आधी नोंदवून, तपासून घ्यावे लागतात. देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली गुजरातेत, जामनगरजवळ कच्छच्या आखातात झालं. आपल्या महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, पण त्यातलं एकही समुद्रातलं नाही. आपल्याकडे समुद्र राखण्याचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे मालवणचं अभयारण्यच.

आणि तो प्रयोग अडकला. मच्छीमारांनी विरोध केला. तो समजून घ्यायला फार शिकावं लागत नाही. ज्या पाण्यात आजा-पणजा रापण लावत आले, ते पाणी एका कागदाने दुसऱ्याचं झालं. उद्या जाळं टाकलं तर गुन्हा होईल का? होडी नांगरायची कुठे? किल्ल्यात राहणाऱ्या घरांचं काय? या प्रश्नांची उत्तरं लोकांना पटतील अशी कोणी दिली नाहीत, तेव्हा विरोध होणारच.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९९१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर तिथल्या मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था करूनच हद्द ठरवावी, असं कलम त्यात आलं. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षं आधीची. म्हणजे लोकांना विचारायला हवं हे कायद्याला सुचलं, तोवर आपल्याकडे मनं दुखावून झाली होती.

तोटा कोणाचा झाला? दोघांचाही. अभयारण्य बरंचसं कागदावर राहिलं आणि प्रवाळ वाऱ्यावर. मच्छीमारांच्या मनातली भीती गेली नाही, आणि प्रवाळ राखायला गावातलं माणूस उभं राहिलं नाही.

मच्छीमाराला समुद्र राखायचा नसतो असं मात्र कोणी म्हणू नये. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात जायचं, ही चाल आपल्याकडे कायद्याच्या आधीची आहे. आता सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. ती माशांच्या विणीच्या काळाला धरून आहे, आणि आपल्या आज्यांचा नियमही तोच होता.

मन्नारच्या बायका

आता थोडं दूर जाऊ, तमिळनाडूत. आपल्यासारख्याच किनाऱ्यावरच्या बायकांची गोष्ट आहे म्हणून.

रामेश्वरमजवळच्या मंडपमपासून तूतुकुडीपर्यंत समुद्रात एकवीस छोटी बेटं आहेत. त्या भागाला मन्नारचं आखात म्हणतात. १९८६ साली, म्हणजे मालवणच्या एकच वर्ष आधी, ही बेटं आणि भोवतालचं उथळ पाणी मिळून ५६० चौरस किलोमीटरचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. १९८९ साली त्याच्याभोवती साडेदहा हजार चौरस किलोमीटरचं जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिथे प्रवाळ आहेत, समुद्री गवताची कुरणं आहेत आणि ते गवत खाणारी समुद्रगाय आहे. पूर्वी तिथले प्रवाळ चुन्यासाठी खणून काढत. २००१ साली देशातल्या दगडी प्रवाळांना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला मिळालं.

या बेटांच्या आसपास बायका पिढ्यानपिढ्या समुद्री शेवाळ काढतात. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डोळ्यांना चष्मा लावायचा, कमरेला जाळीची पिशवी बांधायची आणि श्वास रोखून बुडी मारायची. खडकावरचं शेवाळ खुडून वर यायचं आणि पुन्हा बुडी. त्या शेवाळापासून अगर काढतात. तो खाण्याच्या पदार्थांत आणि औषधांच्या कामात लागतो.

राष्ट्रीय उद्यान झालं आणि बेटं बंद झाली. काल जे काम होतं ते आज गुन्हा झालं. बायकांना अडवणं, शेवाळ काढून घेणं, दंड असे प्रकार सुरू झाले. पोट तर होतंच, म्हणून बायका लपूनछपून जात राहिल्या.

पुढे दोन्ही बाजूंनी हालचाल झाली. सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तिथे एक विश्वस्त संस्था उभी राहिली. तिने गावोगाव समित्या आणि बचत गट केले आणि इतर धंद्यांना कर्ज दिलं. पण आम्हाला जास्त मोलाची वाटते ती बायकांनी स्वतः केलेली गोष्ट. त्या संघटित झाल्या आणि त्यांनी आपल्या आपण नियम घातले. महिन्यातले ठरावीक दिवसच बुडी मारायची. मासेमारीबंदीच्या काळात शेवाळालाही हात लावायचा नाही, म्हणजे ते पुन्हा वाढेल. मग त्यांनी ओळखपत्रं मागितली, म्हणजे त्यांचं काम काम म्हणून मोजलं जाईल. २०१५ साली पांबनजवळच्या गावातल्या त्यांच्या एका पुढारी बाईला बेटांच्या संरक्षणासाठी दिला जाणारा सीकॉलॉजी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिला काल चोर ठरवलं होतं, तिला जगाने राखणदार म्हटलं.

सगळं गोड झालं असं नाही. बेटांवर जाण्याचा प्रश्न तिथे पूर्ण मिटलेला नाही. पण बायकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय तो मिटणार नाही, एवढं तरी ठरलं.

वेळासची टोपली

पुन्हा आपल्या कोकणात येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. नाना फडणवीसांच्या घराण्याचं मूळ गाव म्हणून पूर्वी ते सांगितलं जायचं, आता कासवांचं गाव म्हणून सांगतात.

ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबून बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. पूर्वी ती अंडी कोल्हे-कुत्र्यांनी उकरायची किंवा माणसांनी खायला आणि विकायला न्यायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत होते. तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून काम सुरू झालं.

त्यांनी गावाला फलक दाखवून दम भरला नाही. गावातल्याच माणसांना सोबत घेतलं. ज्यांना घरटं कुठे असतं ते बरोबर कळायचं, तेच रात्री किनाऱ्यावर गस्त घालू लागले. अंडी जपून उचलून कुंपणातल्या उबवणीच्या जागेत ठेवली जाऊ लागली. प्रत्येक घरट्यावर एक टोपली. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायची, पिल्लं वर आली असली तर समुद्राकडे सोडायची. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे येऊ लागले. ते हॉटेलात उतरले नाहीत, कारण गावात हॉटेल नव्हतंच. ते घरांत उतरले. चुलीवरचं जेवण, पडवीत अंथरूण, सकाळी किनारा. पैसा घरात आला तसं गावाला कळलं, की अंडं एकदाच विकता येतं, पण किनारा राखला तर दरवर्षी पाहुणा येतो.

वेळास हे कागदावर अभयारण्यही नाही. तरी तिथलं कासव जपलं गेलं, कारण जपण्यात गावाचा वाटा होता.

वेंगुर्ल्याची होडी

२०१२ च्या सुमारास केंद्र आणि राज्य सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी मिळून आपल्या सिंधुदुर्गात पाच-सहा वर्षांचा प्रकल्प राबवला. मालवणच्या अनुभवावरून शहाणपण आलं होतं. इथे बंदीच्या आधी रोजगाराचं बोलणं झालं. खेकडेपालन, कालवं, ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी आसाचं टोक म्हणजे बारीक पिल्लं निसटतील, अशी कामं झाली. त्याच वर्षी, २०१२ साली, राज्यात कांदळवन कक्ष सुरू झाला. त्याआधी २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली होती.

कांदळवन म्हणजे आपल्या खाडीकाठची चिप्पी, तिवर, कांदळ. पूर्वी आपण त्यांना सरपण समजत होतो. खरं तर खेकडे, कोळंबी आणि माशांची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात आणि काठाची माती तीच मुळं धरून ठेवतात. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष असा मान मिळाला.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी २०१७ च्या सुमारास कांदळवन सफर सुरू केली. मासेमार घरांतल्या या बायका. पाहुण्यांना होडीत बसवायचं, स्वतः वल्हवायचं, झाडांच्या जाती ओळखून सांगायच्या, पक्षी दाखवायचे. खाडीत होडी पुरुषाने चालवायची आणि बाईने काठावर मासळी घ्यायची, हीच आजवरची पद्धत. इथे बाई होडीत बसली आणि वल्हं तिच्या हातात आलं. माहिती सांगणारी तीच आणि पैसे मोजणारीही तीच. बचत गटांच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही.

२०१७ सालीच कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना आली. खाडीकाठच्या गावात समिती करायची, कांदळवन राखायचं आणि गटाने खेकडे, कालवं, शोभेचे मासे किंवा निसर्ग पर्यटनाचा धंदा उभा करायचा. गटाला खर्चाच्या नव्वद टक्के सरकारकडून आणि दहा टक्के गटाचे, अशी तिची रचना ठरली.

पाहुणा वाढला की

आता जरा कडू बोलू. पर्यटनाने पैसा येतो, पण तो आपल्यासोबत ओझंही आणतो.

मालवणला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाण्याखाली प्रवाळ दाखवण्याचा धंदा वाढला. तरण्या मुलांना काम मिळालं, ही चांगली गोष्ट. पण प्रवाळावर पाय दिला, नांगर टाकला, पायाच्या पंख्यांनी गाळ उडवला, की ज्याला पाहायला पाहुणा आला तेच मरतं. मासे जमावेत म्हणून पाव टाकला, तर माशाचं खाणं बिघडतं. कासवाच्या किनाऱ्यावर रात्री बॅटरी किंवा मोबाईलचा झोत मारला, तर पिल्लं समुद्राची दिशा चुकतात. खाडीत मोठ्या इंजिनची होडी जोरात नेली, तर लाटेने काठ ढासळतो.

म्हणून आमचं म्हणणं असं, की आकडा आधी ठरवा. दिवसाला किती होड्या, होडीत किती माणसं, कुठल्या महिन्यात बंद. मन्नारच्या बायकांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन दिवस ठरवले, तर पाहुण्यांसाठी आपण का ठरवू नये? हा आकडा ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं मे महिन्याच्या गर्दीत कोणाला आठवत नाही.

वहीत नाव कोणाचं

आता आमच्याच घरची गोष्ट. आमचे गट ज्या खाडीकाठच्या गावांत आहेत, त्यातल्या एका गावात पर्यटन समिती करायची म्हणून बैठक बसली. अकरा नावांची यादी तयार होऊन आली होती. त्यात बायकांची दोन नावं. त्यातल्या एकीला आपलं नाव आहे हेच माहीत नव्हतं. जेवणाचं काम गटाकडे आहेच, असं सगळे म्हणत होते, पण खातं समितीचं आणि सही दुसऱ्याची. आम्ही बोलायचं की नाही, असं एकमेकींकडे बघत बसलो होतो. खोटं कशाला सांगा, पहिला अर्धा तास आम्ही काहीच बोललो नाही.

मग मागच्या रांगेतली एक आजी उठली. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढते ती. म्हणाली, "आमी तिसरे काढूचे की नाय, ता आदी सांगा." कांदळवन राखायचं म्हणून काठ बंद झाला तर तिचं काय, हा तिचा साधा प्रश्न होता. १९८७ साली मालवणात जो विचारला गेला, तोच. उत्तर कोणाकडेच नव्हतं. त्या दिवशी बैठक पुढे ढकलली गेली, आणि ते बरंच झालं.

पुढच्या बैठकीला आम्ही तयारी करून गेलो. गावात किती बायका तिसऱ्या, कालवं काढतात, कुठल्या जागी, कुठल्या महिन्यात, ते आम्ही घरोघर विचारून लिहून नेलं. सदतीस बायका निघाल्या. त्या कागदाआधी त्यांची नोंद कुठेच नव्हती. आता ती समितीच्या दप्तरात आहे. समितीत बायका सहा झाल्या, आणि जेवणाचे पैसे गटाच्या खात्यात थेट जमा करायचं ठरलं. काठाचा निर्णय अजून व्हायचा आहे. पण तो होईल तेव्हा सदतीस नावं समोर असतील.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात उद्या अशी समिती आली तर तीन कामं करा. पहिलं, समुद्रातून, खाडीतून, किनाऱ्यावरून बायका काय काय आणतात त्याची यादी करा. दुसरं, घरात पाहुणे ठेवत असाल तर परवाना आणि बँक खातं कोणाच्या नावावर आहे ते पाहा. घर सासऱ्यांचं, होडी नवऱ्याची, म्हणून कमाईही त्यांचीच असं होऊ देऊ नका. तिसरं, हिशेबात स्वतःची मजुरी धरा. समजा दोन दिवस आठ पाहुणे राहिले. तांदूळ, मासळी, गॅस यांचा खर्च आपण लिहितो. पहाटे चारला उठून रात्री अकराला भांडी घासेपर्यंतचे तास लिहीत नाही. मग नफा दिसतो, पण तो आपल्याच अंगमेहनतीतून काढलेला असतो.

एवढ्या वर्षांचा इतिहास आम्हाला एवढंच शिकवतो. समुद्राला कुंपण घालता येत नाही, तो राखावा लागतो, आणि राखणारा तिथेच राहणारा असावा लागतो. मालवणला लोकांना न विचारता राखायला गेले, ते अडलं. वेळासला लोकांना धरून राखलं, ते टिकलं. वेंगुर्ल्याला वल्हं बाईच्या हातात आलं. रापणीचा नियम जुना आहे, दोर ओढेल त्याला वाटा. तो नियम बदलायचा नाही, दोर ओढणारीचं नाव फक्त वहीत लिहायचं आहे.

पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीला येताना तुमच्या गावातली यादी घेऊन या. आपण ती एकत्र वाचू.